साहेबांना ‘आज उडणार नाही’ असं सांगता येईल का?

जय हिंद सर,

मी सोलापूर ग्रामीणमध्ये हवालदार आहे. वय ३८, नोकरी १५ वर्षं. पाच वर्षांपूर्वी आमच्याकडे ड्रोन आला, तेव्हा ‘हिला मोबाईलमधलं सगळं कळतं’ म्हणून तो माझ्या हातात दिला. तेव्हापासून सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असो, आषाढी वारी असो, वाळूचोरीचा छापा असो, पेटी घेऊन मीच. रीतसर प्रशिक्षण झालेलं नाही. आता साहेबांनी विचारलं आहे की जिल्ह्याच्या ड्रोन पथकाची जबाबदारी घेतेस का, प्रत्येक ठाण्यातले दोन-दोन अंमलदार तयार करायचे आहेत. घरचे म्हणतात, खेळण्याच्या नादाला लागू नकोस, पीएसआयच्या खात्यांतर्गत परीक्षेला बस. आणि एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. गेल्या वर्षी एका बंदोबस्तात वारा सुटला होता. मला उडवायचं नव्हतं. पण वॉकीटॉकीवरून दोनदा विचारणा झाली, ‘अजून वर का नाही?’ मी उडवला आणि तो एका घराच्या पत्र्यावर पडला. पत्र्याखाली बाळंतीण झोपली होती. कुणाला लागलं नाही. कागदावर ‘तांत्रिक बिघाड’ झाला. तेव्हापासून रिमोट धरला की माझे अंगठे थरथरतात. असा माणूस दुसऱ्यांना काय शिकवणार?

– एक हवालदार, सोलापूर

ताई, जय हिंद.

पत्र्यापासूनच सुरुवात करतो. पदाचा आणि परीक्षेचा प्रश्न त्या पत्र्यावरच अडकलेला आहे.

मी ३२ वर्षं बिनतारी विभागात काढली. एका यात्रेत नदीकाठच्या आमच्या सेटची बॅटरी रात्रभर टिकणार नाही, हे मला दिवेलागणीलाच कळलं होतं. वरिष्ठांनी विचारलं, ‘रात्र निघेल ना?’ मी म्हणालो, ‘निघेल सर.’ पहाटे तीनला सेट बंद पडला. घाटावर रेटारेटी झाल्याचा निरोप धावत आलेल्या होमगार्डच्या तोंडून कळला. तोवर गर्दी आपसूक सैलावली होती, म्हणून निभावलं. नोंदीत मीही ‘तांत्रिक बिघाड’ असंच लिहिलं. बिघाड कसलाच नव्हता. एक वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही, एवढंच झालं होतं. ते पुढे कितीतरी वर्षं मला टोचत राहिलं आणि त्याच टोचणीमुळे माझ्या हाताखालच्या पोरांना मी पहिल्या दिवशी बॅटरी मोजायच्या आधी ‘नाही टिकणार सर’ असं म्हणायला शिकवायचो.

म्हणून माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. पद घ्या. पण एका अटीवर, आणि ती अट लेखी असू द्या: उड्डाण करायचं की नाही, याचा शेवटचा शब्द जागेवरच्या ड्रोन पायलटचा. बंदोबस्ताचे अधिकारी काय पाहायचं ते सांगतील, कुठे पाहायचं ते सांगतील, पण उडवायचंच असा हुकूम देणार नाहीत. ही एक ओळ पोलीस अधीक्षकांच्या सहीने परिपत्रकात येत असेल, तरच पथकाला अर्थ आहे. येत नसेल तर तुम्ही नुसत्या पेटी वाहणाऱ्या ऑपरेटर राहाल, आणि पुढचा पत्रा तुमच्या एखाद्या विद्यार्थ्याच्या वाट्याला येईल.

घरचे खेळणं म्हणतात, त्यांना दोष देऊ नका. खात्यातही बरेच जण तसंच समजतात. ड्रोन दिसायला सोपा आहे, सोडला की हवेत आपला आपण थांबतो, आणि घात तिथेच होतो. चालवायला कठीण यंत्र माणूस जपून चालवतो.

तुमच्या जिल्ह्यातली उदाहरणं घेतो, म्हणजे मी काय म्हणतोय ते साहेबांनाही सांगता येईल.

गड्ड्याची यात्रा. सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, निघालेत, ‘हर्र बोला हर्र’चा गजर चाललाय, रस्त्याला तीळ टाकायला जागा नाही. ड्रोनचा सिग्नल तुटला की तो ठरवून दिलेल्या उंचीवर जाऊन परत फिरतो. ती उंची कुणी ठरवली? बहुतेक वेळा कुणीच नाही. पेटीतून आला तेव्हा होती तीच असते. नंदीध्वज, मंदिराचं शिखर, मोबाईलचा टॉवर, रस्त्यावरून ओढलेल्या रोषणाईच्या माळा, या सगळ्यांपेक्षा ती जास्त हवी. हे बंदोबस्ताच्या आदल्या दिवशी पायी फिरून बघायचं काम आहे. आणि होम मैदानावर शोभेच्या दारूकामाची वेळ झाली की ड्रोन पेटीत. किती का छान चित्र मिळेना.

शिवाय होटगी रस्त्यावरचं विमानतळ. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी आड येत होती तोवर तिथे नियमित विमानं नव्हती, तेव्हा कुणी फारसं मनावर घेत नव्हतं. २०२३ च्या जूनमध्ये चिमणी पडली, २०२५ च्या जूनपासून गोव्याचं विमान सुरू झालं. आता हिशेब बदलला. ड्रोन नियम २०२१ आणि सरकारच्या झोन नकाशाप्रमाणे चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच पिवळा किंवा लाल झोन लागतो; पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी हवी, लालमध्ये केंद्र सरकारची. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत हिरवा, म्हणजे परवानगी लागत नाही. त्यापलीकडे, लाल किंवा पिवळा झोन नसेल तिथे, ४०० फुटांपर्यंत हिरवा. सोलापूर शहराचा बराच भाग पहिल्या वर्तुळात येतो. आणि एक गोष्ट आपल्या लोकांना पटवायला वेळ लागतो: या नियमांतून सेना, नौदल आणि हवाई दल वगळलेलं आहे, पोलीस नाहीत. अंगावर खाकी आहे म्हणून आकाश आपलं होत नाही. उलट पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याला एखाद्या भागावर तात्पुरता लाल झोन जाहीर करता येतो. लग्नाच्या शूटिंगवाल्यांचे ड्रोन गर्दीवर घिरट्या घालतात, तेव्हा हा अधिकार कामाला येतो. साहेबांना त्याची आठवण करून देणं हेही पथकप्रमुखाचंच काम.

आता वारी. धर्मपुरीत पालखी जिल्ह्यात आली की तुमचं काम सुरू होतं, पण मला बोलायचंय ते रिंगणाबद्दल. पुरंदावडे, खुडूस फाटा, बाजीराव विहीर. सगळ्यांना वरून गोल रिंगणाचं चित्र हवं असतं, आणि ते दिसतंही सुंदर. पण त्या रिंगणात अश्व धावतो. डोक्यावर कमी उंचीवरून घोंघावत काही आलं तर घोडं बुजतं, आणि कडेला हजारो माणसं मांडी घालून बसलेली असतात. तिथे उंची राखा, बाजूला राहा, आणि अश्व सुटायच्या आधी ड्रोन दूर घ्या. एकादशीला चंद्रभागेच्या वाळवंटात वेगळीच अडचण. लाखो मोबाईल एका जागी आले की रिमोट आणि ड्रोनमधला दुवा क्षीण होतो, चित्र अडखळतं. तिथे लांबवर पाठवायचा हट्ट न धरता दोन-तीन गच्च्यांवर जोड्या बसवायच्या आणि प्रत्येकीने आपापल्या समोरचाच तुकडा बघायचा. गर्दी कुठे थबकली, कुठे उलटी फिरली, एवढंच कळवायचं. वरून दिसणारी सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे. चेंगराचेंगरीच्या आधी गर्दीचा प्रवाह थांबतो. आत असलेल्या माणसाला ते कळत नाही, वरून कळतं.

आणि पूर. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये सीना फुगली तेव्हा माढा, मोहोळ, करमाळ्याकडच्या गावांत काय झालं ते तुम्ही पाहिलंय. बोटीतून ड्रोन सोडला तर तो सोडलेली जागाच आपलं घर म्हणून लक्षात ठेवतो. बोट अर्धा किलोमीटर वाहत पुढे गेलेली असते. बॅटरी संपत आली की ड्रोन इमानदारीने त्या जुन्या जागी परततो आणि पाण्यात उतरतो. बोटीवरून उडवायचं तर घराची जागा दर काही मिनिटांनी नव्याने नोंदवायची, नाहीतर उंच कोरडी जागा बघून तिथूनच उडवायचं. ही बारकी गोष्ट शिकवणाऱ्याला ठाऊक नसेल, तर शिकणाऱ्याला ती पुरातच कळणार.

यातलं काही कॅमेऱ्याबद्दल नाही, हे लक्षात आलं असेल.

आता शिकवण्याबद्दल. दोन-दोन अंमलदार येतील. त्यातले काही ‘बंदोबस्तातून सुटका’ म्हणून येतील, त्यांना ओळखून परत पाठवा. बाकीच्यांना पहिले दोन दिवस ड्रोनला हात लावू देऊ नका. नकाशा, झोन, वारा, बॅटरी. बहुतेक लहान ड्रोनवर वाऱ्याची मर्यादा सेकंदाला १० ते १२ मीटर लिहिलेली असते, म्हणजे ताशी ३६ ते ४३ किलोमीटर. पण जमिनीवर झाडाचं पान हलत नसतं तेव्हाही १०० मीटरवर वारा बराच जास्त असू शकतो, आणि ड्रोन वाऱ्याच्या दिशेने मजेत जातो, परत येताना दमतो. आपल्या उन्हाळ्याचंही तसंच. बऱ्याच यंत्रांची मर्यादा ४० अंशांची, आणि एप्रिल-मेमध्ये सोलापूर त्याच्या वर असतं. गाडीच्या बॉनेटवर उन्हात ठेवलेली बॅटरी ही बॅटरी नव्हे, फुगायला टपलेली वस्तू आहे. (बॉनेटवरून उडवूही नका. लोखंडाजवळ होकायंत्र चुकतं.)

मग जोड्या लावा. एकाने उडवायचं, दुसऱ्याने फक्त आकाशाकडे बघायचं. दुसऱ्याने पडद्याकडे पाहिलं की त्याला तिथेच थांबवा. घार आली, मांजा दिसला, तार आली, हे पडद्यावर दिसत नाही.

आणि तिसऱ्या दिवशी माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा धडा. तुम्ही साहेब व्हायचं. आवाज चढवायचा, घाई करायची, वॉकीटॉकीवरून दोनदा विचारायचं, ‘अजून वर का नाही?’ समोरच्याने तुम्हाला एका वाक्यात नकार द्यायचा, आणि त्या वाक्यात कारण आणि पुढची वेळ दोन्ही हवं. ‘सर, वर वारा मर्यादेबाहेर आहे, वीस मिनिटांनी पुन्हा तपासून कळवतो.’ बस. माफी नाही, वाद नाही, लांबण नाही. जमेपर्यंत करून घ्या. कुणाचा आवाज कापेल, कुणी हसेल, कुणी ‘उडवतो सर’ म्हणून मोकळा होईल. जो मोकळा होईल त्याला तुमच्या पत्र्याची गोष्ट सांगा. बाळंतिणीसकट सांगा. तुम्ही विचारता, असा माणूस काय शिकवणार. हा धडा शिकवायला तुमच्याइतका लायक माणूस जिल्ह्यात आहे का, मला शंका आहे. ज्याचा ड्रोन कधीच पडला नाही, तो वारा शिकवेल. नकार शिकवायला, तो एकदा न दिल्याचं ओझं वाहिलेला माणूस लागतो.

पण त्याआधी ती गोष्ट साहेबांना सांगावी लागेल. हे कठीण आहे, मला माहीत आहे. पद स्वीकारायला जाल त्याच भेटीत सांगा: ‘सर, तो बिघाड नव्हता. वारा होता, मला उडवायचं नव्हतं, मी उडवला. म्हणून ही अट मागतेय.’ कारवाईची भीती वाटेल. कदाचित दोन शब्द ऐकावेही लागतील. पण खोट्या नोंदीवर उभं राहून तुम्ही पोरांना खऱ्या नोंदी ठेवायला सांगू शकणार नाही, आणि या पथकाचा सगळा जीव नोंदींत आहे. प्रत्येक उड्डाणाची वही: वेळ, जागा, कुणी सांगितलं, कुणी उडवलं, बॅटरी, वारा. आणि न केलेल्या उड्डाणांचीही, कारणासकट. दुसरी वही पहिलीपेक्षा जपा.

नोंदीवरून पुराव्याकडे येतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग, एक उपकरण ज्याच्या ताब्यात त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि दोन्हींत फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे त्या फाइलचा डिजिटल ठसा. आपल्याकडे होतं काय, वाळूच्या छाप्याचं चित्रण कार्डवरून मोबाईलवर, मोबाईलवरून व्हॉट्सअ‍ॅपवर, तिथून ग्रुपवर, आणि कार्ड दुसऱ्या दिवशी पुसून पुढच्या बंदोबस्ताला. व्हॉट्सअ‍ॅपने दाबून लहान केलेल्या फाइलचं हॅश मूळ फाइलशी जुळणार नाही. कार्ड काढून सीलबंद करणं, पंचनाम्यात त्याचा उल्लेख करणं आणि जागेवरच हॅश काढणं, ही सवय लागली तर तुमचे अंमलदार तपासाचे साक्षीदार होतील. तपासी अधिकाऱ्यांशी यावर बसून बोला. ड्रोनवाले आणि तपासवाले एकमेकांना भेटतच नाहीत, हे मी बिनतारीच्या दिवसांपासून पाहतोय.

आणखी एक गोष्ट, ती बाई म्हणून तुम्हाला माझ्याहून जास्त कळेल. उन्हाळ्यात आपल्याकडे लोक गच्चीवर झोपतात. न्हाणीघरं कितीतरी घरांत उघडी आहेत, वर छप्पर नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या ऑगस्टमध्ये पुट्टस्वामी खटल्यात सांगितलं. तुमच्या कॅमेऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला राहील, वस्तीवरून जाताना तो खाली वळवायचा नाही, नको असलेलं चित्रण कोण आणि कधी पुसेल, हे परिपत्रकात लिहून घ्या. कॅलिफोर्नियातल्या चुला व्हिस्टा शहराच्या पोलिसांनी २०१८ मध्ये मदतीचा फोन आला की गाडीच्या आधी ड्रोन पाठवायला सुरुवात केली. तिथे पोलिसांचा ड्रोन कुठून कुठे गेला ते नागरिकांना नकाशावर बघता येतं, आणि तरीही चित्रण लोकांना दाखवायचं की नाही यावर कोर्टात भांडण झालंच. आपल्याकडे २०२४ च्या पावसाळ्यात रात्री ड्रोन फिरतात, चोर टेहळणी करतात, या अफवेने गावंच्या गावं जागी राहिली. अशा गावात न सांगता ड्रोन उडवला तर लोक दगड घेऊन धावतील, आणि त्यांचं फार चुकलं असंही मला म्हणवणार नाही. आधी पोलीस पाटलांना फोन, जमलं तर दवंडी किंवा मंदिराच्या भोंग्यावरून सूचना. मग उड्डाण.

आता घरच्यांचं म्हणणं. ते बरोबर आहे, त्यांना तसं सांगा. ड्रोन पथक सांभाळलं म्हणून कुणी तुम्हाला फौजदार करणार नाही. २०२२ मध्ये शिपाई आणि हवालदार यांच्यामधली पोलीस नाईकाची पायरी गेली, वाट थोडी आखूड झाली, पण हवालदारापासून पीएसआयपर्यंत नुसत्या ज्येष्ठतेने जायचं तर वर्षं जातात. परीक्षेला बसाच. पथक आणि अभ्यास एकत्र जमेल का? पहिले सहा महिने नाही जमणार, खोटं कशाला बोलू. त्यानंतर जमेल, पण एकाच गोष्टीने: पहिल्या तुकडीतूनच स्वतःची जागा घेणारा एक माणूस निवडा आणि महिन्यातून एक बंदोबस्त त्याच्यावर पूर्ण सोडून द्या. तुम्ही तिकडे फिरकूही नका. पास झालात तर बदली होईलच, आणि तेव्हा पथक कोलमडलं तर तुम्ही शिकवलं काय?

मी स्वतः हे केलं नाही. मला वाटायचं, माझ्यावाचून सेट चालत नाही हाच माझा मान. बारा वर्षं मला त्याच खोलीतून कुणी हलवलं नाही.

प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र मात्र आत्ताच मागा. डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) मान्यता असलेल्या संस्थेतून रिमोट पायलट प्रमाणपत्र मिळतं. दहावी पास, वय १८ ते ६५, आणि ते १० वर्षं चालतं. स्वतःच्या पैशांनी, रजा टाकून जाऊ नका. खात्याच्या आदेशाने जा, आणि परत आल्यावर सेवापुस्तकात नोंद झाल्याशिवाय कार्यालयातून उठू नका. पथकाची जबाबदारी दिल्याचा आदेशही तोंडी नको. तोंडी जबाबदारी साहेब बदलले की त्यांच्याबरोबर जाते. ५८ ला निवृत्त झाल्यावरही हे प्रमाणपत्र उपयोगी पडतं. गावागावात बचत गटाच्या बायका शेतात ड्रोनने फवारणी करायला लागल्या आहेत, त्यांना शिकवणारं कुणीतरी लागतंच. पण तो पुढचा विचार.

राहिले थरथरणारे अंगठे.

पथकातला सगळ्यात लहान ड्रोन मागून घ्या. नकाशावर झोन बघून एखादं मोकळं मैदान निवडा. केगावच्या प्रशिक्षण केंद्राला विनंती केली तर तिथलंही मिळू शकेल. सकाळी सहाला जा, वारा पडलेला असतो. एकट्या जाऊ नका, ज्याला पुढे जागा देणार आहात त्याला सोबत न्या. पहिला आठवडा फक्त डोळ्यांच्या उंचीला स्थिर धरायचा, दहा मिनिटं, आणि उतरवायचा. अंगठे थरथरले तर थरथरू द्या, शेजारच्याला सांगा की थरथरताहेत. दुसऱ्या आठवड्यात चौकोन. तिसऱ्या आठवड्यात एखाद्या सकाळी मुद्दाम वारा असताना जा, पेटी उघडा, वारा मोजा, वहीत ‘आज उड्डाण नाही’ लिहा, पेटी बंद करा आणि येताना दोघं कुठेतरी चहा घ्या.